श्रेयनिर्देशाचा प्रश्न : वाङ्मयचौर्य, संशोधनव्यवहार आणि डोळखांब परिसरातील मौखिक ज्ञान

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला डोळखांब हे गाव आहे. तेथून डेहण्याकडे जाणारी वाट आजोबा पर्वताच्या पायथ्याशी पोहोचते. या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता, सीतेने लव-कुशांना येथेच वाढविले आणि ती मुले ऋषींना ‘आजोबा’ म्हणत म्हणून डोंगरास हे नाव पडले, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेची ऐतिहासिक सत्यता तपासणे हा येथे विषय नाही. परंतु वाल्मीकींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामायणाच्या उत्तरकांडात एक प्रसंग येतो, तो शैक्षणिक लेखनाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. लव-कुश रामाच्या सभेत काव्य गातात. सभा प्रसन्न होते. या काव्याचा कर्ता कोण, असे राम विचारतो. संपूर्ण काव्य मुखोद्गत असलेली आणि प्रत्यक्ष गाणारी ती मुले स्वतःचे नाव न सांगता वाल्मीकींचे नाव सांगतात. उत्तरकांड उत्तरकालीन आहे असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही गाणारा आणि रचणारा यांतील भेद ओळखून तो भरसभेत सांगण्याची जाणीव भारतीय परंपरेत किती जुनी आहे, याची साक्ष या प्रसंगातून मिळते.

आज महाविद्यालयीन स्तरावर वाङ्मयचौर्याची चर्चा होते ती प्रामुख्याने नियम, शिक्षा आणि संगणकीय तपासणी या अंगाने. ही चर्चा आवश्यक असली तरी अपुरी आहे. छापील मजकुराची छापील मजकुराशी तुलना करून मिळालेला आकडा म्हणजेच प्रामाणिकपणा, असा समज त्यातून दृढ होऊ पाहतो. डोळखांब, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात संशोधनाचा मोठा भाग छापील ग्रंथांत नसून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांच्या बोलण्यात, गाण्यात आणि वनस्पतिज्ञानात आहे. अशा ठिकाणी ‘कोणाचे काय घेतले’ हा प्रश्न अधिक गंभीर स्वरूप धारण करतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) वाङ्मयचौर्य व श्रेयनिर्देश या संकल्पना स्पष्ट करणे, (२) मराठी परंपरेतील श्रेयविषयक जाणिवेचा मागोवा घेणे, (३) प्रचलित नियमनाच्या मर्यादा तपासणे, (४) मौखिक स्रोतांच्या श्रेयनिर्देशाचा विचार मांडणे. लेखासाठी विश्लेषणात्मक व चिकित्सक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संज्ञाविचार

दुसऱ्याचे लेखन, कल्पना, मांडणी अथवा निष्कर्ष स्वतःचे म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य होय. या व्याख्येत ‘घेणे’ हा दोष नाही; ‘स्वतःचे म्हणून सादर करणे’ हा दोष आहे. ज्ञानाचा सारा व्यवहार घेण्यावरच चालतो. पूर्वसूरींकडून काहीही न घेता लिहिलेला शोधनिबंध हा बहुधा वाचनाच्या अभावाचा पुरावा ठरतो. म्हणून विद्यार्थ्यास ‘कोठून काही घेऊ नये’ असे सांगणे चुकीचे आहे. जे घेतले ते कोठून घेतले, किती घेतले आणि त्यात स्वतःची भर कोणती, हे वाचकास कळेल अशा रीतीने लिहावे, असे सांगणे उचित ठरेल.

वाङ्मयचौर्य आणि स्वामित्वहक्काचा भंग यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तुकारामांच्या अभंगांवर आज असा हक्क कोणाचाही नाही. ते कोणीही छापू शकतो. तथापि त्यातील एखादा अभंग स्वतःच्या नावावर छापणे हे वाङ्मयचौर्यच ठरेल. उलटपक्षी, लेखकाचे नाव ठळकपणे देऊन त्याचे संपूर्ण पुस्तक झेरॉक्स करून विकले, तर ते वाङ्मयचौर्य नसेल, पण हक्कभंग असेल. पहिला प्रश्न सत्यकथनाचा आहे, दुसरा मालकीचा. त्याच अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये लेखकाचा आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क आर्थिक हक्काहून स्वतंत्र मानला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. हक्क विकला तरी कर्तेपण विकले जात नाही, असा या तरतुदीचा आशय आहे.

मराठी परंपरेतील साक्ष

श्रेयनिर्देश ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली औपचारिकता आहे, आपल्याकडे सारे ज्ञान सामुदायिक होते, असे मत अनेकदा मांडले जाते. मराठी संतसाहित्याचा पुरावा या मताला पूर्णतः दुजोरा देत नाही.

ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य करताना आपण व्यासांच्या मागोव्याने आणि भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, अशा आशयाचे निवेदन ग्रंथाच्या शेवटी केले आहे. स्वतःच्या प्रतिभेविषयी आत्मविश्वास असूनही पूर्वसूरींचा निर्देश त्यांना कमीपणाचा वाटला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. या ग्रंथात जो कोणी स्वतःची ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय आहे. हा इशारा चौर्याच्या उलट्या बाजूविषयी आहे. दुसऱ्याचे स्वतःच्या नावावर खपविणे जसे अनुचित, तसेच स्वतःचे दुसऱ्याच्या नावावर खपविणेही अनुचित. कारण दोहोंमुळे वाचकास कोणते वचन कोणाचे, हे कळेनासे होते. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकांत मिसळल्यामुळे संशोधकांना पुढे किती परिश्रम करावे लागले, हे मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

या संदर्भातील सर्वांत लक्षणीय उदाहरण तुकारामांचे आहे. तुकारामांच्या गाथेत ‘सालोमालो’ या नावाचा उल्लेख असलेले अभंग आढळतात. परंपरा असे सांगते की, हा गृहस्थ तुकारामांचे अभंग आपल्या नावाची मुद्रा घालून गात असे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही त्या काळची कर्तृत्वाची खूण होती, ती बदलली की कर्ताच बदलत असे. तुकारामांच्या तक्रारीचा रोख पाहण्यासारखा आहे. आपले उत्पन्न बुडाले, असे ते म्हणत नाहीत. दुसऱ्याचे ते आपले म्हणवून आणि संतांची वचने मोडून हा मनुष्य स्वतःसाठी दागिने घडवितो, त्यातून साऱ्याचा नाश होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे. त्यांचा आक्षेप मालकीपेक्षा अर्थाच्या हानीवर आहे. अनुभवावाचून उचललेले वचन उचलणाऱ्याच्या तोंडी मोडते, ही त्यांची भूमिका आहे.

हेच तुकाराम आपल्या कवित्वाचे श्रेय कसे देतात, हेही पाहिले पाहिजे. नामदेवांनी स्वप्नात पांडुरंगासह येऊन आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पूर्ण करण्यास सांगितले, असे त्यांनी स्वतःच अभंगांतून नमूद केले आहे. चौर्याविषयी कठोर असलेला कवी स्वतःच्या ऋणाविषयी मौन बाळगत नाही. बहिणाबाईंच्या नावावर रूढ असलेल्या प्रसिद्ध अभंगात वारकरी संप्रदायाची इमारत कोणी कोणता भाग रचून उभारली, याची क्रमवार नोंद येते. आधुनिक परिभाषेत ज्यास पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात, त्याच्याशी या नोंदीचे नाते जवळचे आहे. तेव्हा श्रेयनिर्देशाची जाणीव बाहेरून आयात झाली, असे म्हणणे साधार नाही. तिची तंत्रे नवी आहेत, तिचे मूल्य जुने आहे.

टक्केवारीचे नियमन आणि त्याच्या मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील शैक्षणिक सचोटीचे संवर्धन व वाङ्मयचौर्याचे प्रतिबंधन यांविषयी विनियम जारी केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्याचे चार स्तर मानले जातात. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. आवश्यक अनुमतीसह किंवा श्रेयासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश तपासणीतून वगळले जातात. सर्वपरिचित माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही वगळले जाते.

या विनियमांमुळे एक किमान शिस्त निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे. इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात प्रबंध सर्वांसाठी खुले झाल्यामुळे जुना प्रबंध नव्या मुखपृष्ठाखाली सादर करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या उपक्रमाद्वारे विद्यापीठांना तपासणीची संगणक-प्रणालीही उपलब्ध झाली. तथापि मराठी संशोधनाच्या संदर्भात या व्यवस्थेच्या तीन मर्यादा प्रकर्षाने जाणवतात.

पहिली मर्यादा लिपीच्या तंत्राची आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी प्रबंध व नियतकालिके वेगवेगळ्या खाजगी टंकांत जुळविली जात. अशा धारिकेतील मजकूर डोळ्यांना मराठी दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने ती निरर्थक चिन्हांची मालिका असते. युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केलेल्या मजकुराशी तिचे साम्य जुळत नाही. छापील पण संगणकावर न आलेल्या ग्रंथांचा प्रश्न तर याहून मोठा आहे.

दुसरी मर्यादा भाषांतराची आहे. शब्दांची शब्दांशी तुलना करणाऱ्या पद्धतीस इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर मांडल्याचे सहजासहजी कळत नाही. मराठीत भाषांतरास आणि रूपांतरास मोठी व सन्मान्य परंपरा आहे. आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) लिहिताना ते ‘हॅम्लेट’चे भाषांतर आहे, हे लपविले नाही. दोष भाषांतरात नसून भाषांतर असल्याचे न सांगण्यात आहे.

तिसरी मर्यादा सर्वाधिक मूलभूत आहे. साम्याचा अहवाल म्हणजे वाङ्मयचौर्याचा निर्णय नव्हे. साम्य ही संख्या आहे, चौर्य हा निर्णय आहे. योग्य श्रेयासह विस्तृत उद्धरणे देणाऱ्या प्रबंधात साम्य अधिक भरू शकते. याउलट प्रत्येक वाक्यातील क्रियापदे व विशेषणे बदलून लिहिलेल्या प्रबंधात ते नगण्य असू शकते, मात्र त्यातील युक्तिवाद सर्वस्वी दुसऱ्याचा असतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न आणखी बिकट केला आहे. यंत्राने जुळविलेला मजकूर कोणत्याही एका ग्रंथाशी तंतोतंत जुळत नाही. त्यात अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही येऊ शकतात. अशा वेळी केवळ टक्केवारीवर विसंबणारी संस्था फसण्याचा संभव अधिक आहे.

ग्रामीण विद्यार्थ्याचे लेखन

डोळखांब परिसरातून शहापूर किंवा मुरबाडच्या महाविद्यालयांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण घरातील उच्च शिक्षण घेणारी पहिली पिढी आहेत. त्यांच्या घरची बोली आणि प्रबंधाची प्रमाण मराठी यांत मोठे अंतर असते. पर्यावरण प्रकल्पाची वही भरणे, गाईडमधील उत्तर पाठ करणे, फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेणे हीच लेखनाची पद्धत त्यांना शाळेपासून शिकविली गेलेली असते. जसेच्या तसे लिहिले की पूर्ण गुण मिळतात, असा दहा-बारा वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात अचानक ‘ही चोरी आहे’ असे सांगणे न्याय्य म्हणता येत नाही.

अमेरिकन अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात या प्रकारच्या लेखनाचा वेगळा विचार मांडला. मूळ मजकुरातील काही शब्द गाळून, काही बदलून, वाक्यांना ठिगळे जोडून केलेले लेखन हे नेहमीच फसवणुकीच्या हेतूने होत नाही. अपरिचित विषयाची भाषा आत्मसात करू पाहणाऱ्या नवशिक्याची ती एक अवस्था असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना हे प्रतिपादन विशेषत्वाने लागू पडते. हेतुपुरस्सर फसवणूक आणि अपुरे प्रशिक्षण यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्यास शिक्षा हवी, दुसऱ्यास शिकवणी हवी.

ही सवलत अर्थातच विद्यार्थ्यापुरती आहे. पदोन्नतीसाठी गुणांकन अनिवार्य झाल्यानंतर, विशेषतः २०१० च्या विनियमांनंतर, शोधनिबंधांच्या संख्येला अवास्तव महत्त्व आले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. पुणे येथील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट आढळली. ज्या व्यवस्थेत अध्यापकच उसन्या मजकुरावर गुण मिळवितो, त्या व्यवस्थेत विद्यार्थ्यास सचोटीचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार क्षीण होतो, ही कटू वस्तुस्थिती आहे.

श्रेयनिर्देश ही जबाबदारीचीही विभागणी

श्रेयनिर्देशाचा विचार बहुधा ‘मूळ लेखकाचा मान’ या एकाच अंगाने होतो. त्याचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. कोणाचे मत, कोणत्या काळातील मत, हे सांगितल्याने त्या मताची जबाबदारी निश्चित होते. ठाणे जिल्ह्याविषयी लिहिताना १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड आजही विपुल प्रमाणात वापरला जातो. त्यात माहितीचा मोठा साठा आहे. त्याचबरोबर कातकरी व इतर समाजांविषयी वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या दृष्टीतून आलेले सरसकट आणि हीनत्वदर्शक शेरेही आहेत. एखाद्या प्रकल्पात हा मजकूर स्रोत न सांगता उतरविला गेला, तर १८८२ मधील परकीय प्रशासनाचे मत आजच्या मराठी विद्यार्थ्याचे स्वतःचे विधान बनते. तो विद्यार्थी स्वतः कातकरी वाडीतला असेल, तर या चुकीची तीव्रता वेगळी सांगण्याची गरज राहत नाही. ‘१८८२ च्या गॅझेटियरमध्ये असे म्हटले आहे’ एवढे एक वाक्य त्या मजकुराला त्याच्या काळात परत पाठविते आणि अभ्यासकास त्याच्याशी वाद घालण्याची जागा मोकळी करून देते.

याच जिल्ह्याच्या अभ्यासाला भारतीय अभ्यासकांचीही परंपरा आहे. ना. गो. चापेकर यांचा ‘बदलापूर’ हा गावाचा अभ्यास १९३३ चा, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूर समाजावरील इंग्रजी ग्रंथ १९६० चा आहे. हे ग्रंथ प्रत्यक्ष न पाहता दुसऱ्याच्या लेखातील उद्धरण उचलून त्यांचा संदर्भ देणे, हा प्रकारही सूक्ष्म अप्रामाणिकपणाचाच आहे. जे वाचले त्याचाच निर्देश करावा. मधल्या लेखकाकडून मिळाले असल्यास त्याचेही नाव सांगावे.

मौखिक स्रोत : अदृश्य राहिलेले ऋण

आता या लेखाच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे येता येईल. समजा, एखाद्या अभ्यासकाने डोळखांबजवळच्या एखाद्या पाड्यावर जाऊन लग्नगीते, कांबड नाचाची गाणी किंवा तापावरील झाडपाल्याची माहिती गोळा केली. ती त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिली. प्रबंध तपासणीस गेला आणि साम्य चार टक्के निघाले. नियमानुसार तो प्रबंध निर्दोष आहे. परंतु त्यातील सारे मोलाचे ज्ञान ज्या वृद्ध स्त्रीने सांगितले, तिचा उल्लेख ‘एका वृद्ध महिलेने सांगितले’ किंवा ‘स्थानिक लोकांच्या मते’ एवढाच असेल, तर हे काय मानावे? छापील पुस्तकातून एक परिच्छेद घेणाऱ्यास शिक्षा आणि जिवंत माणसाकडून संपूर्ण प्रकरण घेणाऱ्यास पदवी, ही विसंगती आहे.

या विसंगतीचे मूळ ‘लोक’ या शब्दाच्या सैल वापरात आहे. लोकगीत म्हणजे कोणाचेच नसलेले गीत, असे गृहीत धरले जाते. वारली समाजात लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी ही विशिष्ट ज्ञान असलेली, विशिष्ट विधीची अधिकारी स्त्री असते. तिला ‘लोक’ म्हणून समूहात विरघळविणे म्हणजे एखाद्या अध्यापकाचे व्याख्यान ‘महाविद्यालयात ऐकले’ एवढ्यावर सोडून देणे होय.

वेगळा मार्ग शक्य आहे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुण्यातील समाजविज्ञान सहकारी संशोधन केंद्राच्या माध्यमातून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव यांची नोंद ठेवली गेली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर या ओव्या गायिकांच्या नावासह प्रसिद्ध होत आल्या आहेत. या कार्याचे वैशिष्ट्य असे की, गाणारी ही रचयिती आहे, असा दावा त्यात नाही. ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, हे मान्य करूनही ‘ही ओवी या बाईने, या गावी, अशी गायिली’ हे सत्य नोंदविलेले आहे. कर्तृत्व अज्ञात असले तरी कथन अज्ञात नसते, हा त्यातील पद्धतिशास्त्रीय धडा आहे.

कायद्याची दिशाही हीच आहे. स्वामित्वहक्क अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यांच्या हक्काला प्रथमच मान्यता मिळाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ ब अन्वये प्रयोगकर्त्याला आपली ओळख सांगितली जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करण्याची तरतूद आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार स्वीकारला. एकस्वाच्या अर्जात अशा ज्ञानाचा उगम उघड करण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचा व्यवसाय उभा केला, त्याची २०२० नंतर देशभर दखल घेतली गेली. ज्या ज्ञानास बाजारात मूल्य आहे, त्यास प्रबंधाच्या तळटीपेतही जागा असली पाहिजे.

हळदीचा धडा

लिखित आणि मौखिक यांतील ही दरी किती महाग पडू शकते, हे हळदीच्या एकस्वाने दाखवून दिले. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व (क्रमांक ५४०१५०४) मिळाले. महाराष्ट्रातील कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असलेली ही गोष्ट ‘नवीन शोध’ ठरली, कारण तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार परदेशातील केवळ मौखिक वा प्रचलित ज्ञान पूर्वज्ञान म्हणून पुरेसे नव्हते. त्यासाठी छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या एकस्वास आव्हान दिले आणि ३२ लिखित संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये एकस्व रद्द झाले. आजीच्या डब्यातील हळद अखेर कागदामुळे वाचली.

याच डॉ. माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली एकस्व कायद्याविषयी नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अहवालात कायदेतज्ज्ञ शामनाद बशीर यांच्या निबंधातील मजकुराशी जुळणारा भाग श्रेयाविना आल्याचे निदर्शनास आले. फेब्रुवारी २००७ मध्ये तांत्रिक त्रुटी मान्य करून अहवाल मागे घेण्यात आला आणि सुधारित अहवाल २००९ मध्ये सादर झाला. या घटनेकडे व्यक्तिदोषाच्या दृष्टीने पाहणे उथळपणाचे ठरेल. देशाच्या पारंपरिक ज्ञानाचे श्रेय जगाकडून मिळवून देणाऱ्या वैज्ञानिकाच्या अध्यक्षतेखालील समितीतही श्रेयनिर्देशाची साखळी तुटू शकते, हा त्यातील खरा बोध आहे. सामूहिक लेखनात मसुदा अनेक हातांतून जातो आणि अवतरणचिन्हे वाटेत गळतात. चूक उघड होताच अहवाल मागे घेण्याचा मार्ग स्वीकारला गेला, हेही नमूद केले पाहिजे. सचोटी म्हणजे कधीच न चुकणे नव्हे. चूक लपवून न ठेवणे हाही तिचा भाग आहे.

संभाव्य आक्षेप

मौखिक स्रोतांच्या श्रेयनिर्देशाविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परंपरेतील गीत एका व्यक्तीच्या नावावर नोंदविल्याने समूहाची मालकी हिरावली जाईल. हा धोका खरा आहे. म्हणून नोंद ‘रचयिता’ म्हणून न करता ‘सांगणारी’ किंवा ‘गाणारी’ अशीच व्हावी, सोबत समाजाचाही उल्लेख व्हावा. जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेल्याने वारली चित्रकला त्यांची खाजगी मालमत्ता झाली नाही. उलट त्या कलेस ओळख मिळण्यास साहाय्य झाले.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. भगताचे उपचार, जंगलातील वापर, जमिनीचे वाद अशा विषयांत माहिती देणाऱ्याचे नाव छापल्याने त्यास त्रास होऊ शकतो. हाही आक्षेप ग्राह्य आहे. पण त्याचे उत्तर सरसकट अनामिकता हे नसून विचारून घेतलेली अनामिकता हे आहे. नाव द्यावे की गुप्त ठेवावे, हा निर्णय सांगणाऱ्याचा असावा. अभ्यासकाच्या आळसातून आलेली अनामिकता आणि सांगणाऱ्याच्या इच्छेतून आलेली अनामिकता यांत मूलभूत भेद आहे. कारण कोणतेही असो, ते प्रबंधात नोंदविले गेले पाहिजे.

यावरून मौखिक स्रोताच्या नोंदीचे किमान घटक निश्चित करता येतात : सांगणाऱ्याचे नाव व अंदाजे वय, पाडा, गाव व तालुका, समाज व बोली, ते ज्ञान त्याने कोणाकडून घेतले, सांगण्याचा प्रसंग व दिनांक, ध्वनिमुद्रण असल्यास ते कोठे ठेवले आहे, आणि संमतीचे स्वरूप. ‘कोणाकडून घेतले’ हा घटक विशेष मोलाचा आहे. सासूकडून, आजीकडून, भगताकडून असे उत्तर येते तेव्हा लिखित ग्रंथसूचीइतकीच शिस्तबद्ध परंपरा अभ्यासकासमोर उलगडत जाते. प्रबंधाची एक प्रत अथवा त्यातील संबंधित भाग त्या पाड्यावर वाचून दाखविणे, हेही श्रेयनिर्देशाचेच अंग मानावयास हवे. भातसा, तानसा यांसारख्या शहापूर तालुक्यातील जलाशयांचे पाणी मुंबईकडे जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ज्ञानाच्या बाबतीत तरी या तालुक्याच्या वाट्याला तीच रीत येऊ नये.

निष्कर्ष

(१) वाङ्मयचौर्याचा गाभा घेण्यात नसून घेतलेले न सांगण्यात आहे. स्वामित्वहक्काचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

(२) श्रेयनिर्देशाचे मूल्य मराठी परंपरेस परके नाही. ज्ञानेश्वर, एकनाथ व तुकाराम यांच्या लेखनात त्याची स्पष्ट जाणीव आढळते. ‘सालोमालो’विषयीची तक्रार ही अर्थाच्या नाशाविषयीची तक्रार आहे.

(३) टक्केवारीवर आधारित तपासणी हे प्राथमिक साधन म्हणून उपयुक्त आहे. तथापि भाषांतर, जुने टंक, यंत्ररचित मजकूर आणि मौखिक स्रोत यांबाबत ती अपुरी पडते. अंतिम निर्णय विषयाच्या जाणकार वाचकानेच करावयाचा आहे.

(४) नवशिक्या विद्यार्थ्याच्या ठिगळलेखनावर शिक्षेपेक्षा प्रशिक्षणाचा उपाय योग्य आहे. पदवीच्या पहिल्या वर्षापासून उद्धरण, सारांश व स्वमत यांतील भेद प्रत्यक्ष लेखनातून शिकविला जावा. अध्यापकांना ही सवलत लागू होत नाही.

(५) ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांनी मौखिक स्रोतांच्या नोंदीचा नमुना स्वतः तयार करून तो क्षेत्रप्रकल्पांत बंधनकारक करावा. ज्या विद्यार्थ्याच्या घरात हे ज्ञान आहे, त्यास आपल्या आजीचे नाव प्रबंधात लिहिण्याची मुभा मिळाली, तर श्रेयनिर्देशाचा अर्थ त्यास कोणत्याही नियमावलीपेक्षा लवकर कळेल.